पीठ सपाटच होतं

पुणे, ६ जानेवारी २०१९

ती. निर्मला मावशीले रुचिकाचा नमस्कार.

फोन सोडून पत्र कायले लिहून राहिली, असं म्हणशील. तुमच्या घरी फोन एकच, तो मावसाजीच्या खिशात, अन् त्याईले कमी ऐकू येते म्हणून आवाज फुल करून ठेवलेला. मागच्या खेपेस तुले माह्या लग्नाच्या बोलाचालीचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या नाकाडोंगरीले ठाऊक. म्हणून पत्र. दुसरं असं का पुण्यात दिवसभर 'मला-तुला' बोलून जीभ आखडते. तुले लिहिलं का मोकळी होते.

कामाचं विचारायचं आहे. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत मी लिहायचं काम करते, हे तुले माहीत आहे. आमच्या नव्या खेळात एक राज्य आहे, नऊ तळ्याईचं. तळी मीच सुचवली, भंडाऱ्याच्या पोरीले दुसरं काय सुचणार. तिथं राजे आहेत, सैनिक आहेत, जादूगार आहेत, पाण्यात राहणारे राक्षस आहेत. खेळणाऱ्याचे सैनिक लढाईत मरतात. मेल्यावर त्याईच्या आत्म्याचं काय होते, ते ठरवायचं काम साहेबाईनं माह्याकडं दिलं. स्वर्ग-नरक नको म्हणाले, ते सगळ्याच खेळात असते. मार्चच्या शेवटापर्यंत द्यायचं आहे, अन् त्याईले आवडलं तर माही नोकरी पक्की होईन.

मग मले केवळराम आजोबाचं दहावं आठवलं. मी सहा-सात वर्षांची असन. घरात पीठ पसरून त्यावर टोपली उपडी घातली होती, अन् सकाळी उचलली तर पिठावर पाखराच्या पायाचे ठसे. तू म्हणाली होती, 'तुहा आजा पाखरू झाला.' मी आठ दिवस अंगणातल्या चिमण्याईले तांदूळ टाकून 'आजोबा, आजोबा' करत फिरली होती.

तेच मी खेळात घेतलं. सैनिक मेला का त्याच्या घरी पीठ पसरायचं. ज्याचा ठसा उमटला त्याले नवा जन्म, वाघाचा ठसा तर वाघ, मोराचा तर मोर. अन् ज्याचा ठसाच उमटला नाही ते बेवारस आत्मे. ते तळ्याच्या काठानं भटकतात, लोकाईवर झडप घालतात, अन् खेळणाऱ्यानं त्याईले मारलं का पॉइंट मिळतात. साहेब ऐकून जाम खूश झाले.

तर मले सगळं बारीकसारीक लिहून पाठव. पीठ कायचं, पसरते कोण, टोपली कोणती. अन् खरंच ठसा उमटला नाही तर लोक काय समजतात, तेही लिहिजो.

खेळाचं काम करते तर तुह्या धनूची, माह्या धनूदादाची लय आठवण येते. माह्या हातात पहिला खेळ त्यानंच दिला होता, तो विटा पाडायचा डब्बा. सेल संपले का उन्हात ठेवून परत चालवायचा.

तुही,
रुचिका

◆

नाकाडोंगरी, १७ जानेवारी २०१९

चि. रुचिकाले मावशीचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमन म्हणे, 'बाई, आता पत्रं येते कोणाले, बँकेचीच नोटीस असन.' मी म्हटलं, माह्या भाचीचं आहे, दे इकडं.

तू एवढी शिकली अन् मेलेल्याईचा धंदा करून राहिली, हे तुह्या मायले सांगितलं का? शोभाले वाटते तू कम्प्युटरवर हिशोब करते. मी काही सांगत नाही.

आता लिहून घे. पीठ तांदळाचं, नवीन दळलेलं. गव्हाचं चालत नाही, ते चिकट, त्यावर नीट उमटत नाही. जागा सारवायची. पीठ चाळून टाकायचं अन् तळहातानं सपाट करायचं, घरातली बाई करते. माय असन तर माय. हाताच्या बारीक रेघा पिठावर राहते, त्या राहू द्यायच्या. वरून बांबूची टोपली उपडी. बाजूले दिवा. दाराले कडी लावायची नाही. मग कोणी तिकडं फिरकत नाही. सकाळी सगळ्याईच्या आधी घरची बाई उचलते, मग बाकीचे पाहते. आजाच्या वेळेस पाखरू होतं हे खरं. तुह्या आजीले मात्र ते कोंबडीचं वाटलं अन् तिनं वर्षभर कोंबडी खाल्ली नाही.

आता तू शेवटी जे विचारलं त्याचं. तुले माहीत नाही, तुह्यावर राग नाही. तेव्हा तुले कांजण्या आल्या होत्या, म्हणून शोभा तुले घेऊन भंडाऱ्यातच राहिली, दहाव्याले येऊ शकली नाही.

माह्या धनंजयच्या, तुह्या धनूदादाच्या दहाव्याले काही उमटलं नाही.

आम्ही तेव्हा खाणीच्या क्वार्टरात राहत होतो. खाणीत बारूद उडाला का कॉलनीतले भांडे वाजते, हे मले काय सांगा लागते, वीस वर्षं ऐकलं. म्हणून मी आधी पाहून घेतलं का त्या दिवशी खाणीले सुट्टी आहे. पीठ मीच पसरलं. नऊ दिवस डोळ्याले डोळा नव्हता म्हणून कंपाउंडरनं मले गोळी दिली, मी पडून राहिली. सकाळी टोपली उचलली तर पीठ सपाट. मी पसरलं त्याच्याहूनही सपाट. माह्या हाताच्या रेघा होत्या, त्याही गेल्या होत्या. जसं कोणी म्हटलं का बाई, तू इथं हातही लावला नव्हता.

सतरा वर्षांचं पोर, बाई. सिकलसेलनं अंग दुखे तरी 'माय, जरासंच दुखून राहिलं' म्हणे. नागपूरच्या दवाखान्यात गेला अन् परत आला तो गाडीत निजूनच.

म्हणून मी त्याले अजून पितरात मिळवू दिलं नाही. अक्तीले, म्हणजे तुमच्या पुण्याच्या भाषेत अक्षय तृतीयेले, आपल्या घरी सगळ्या पितराईच्या नावानं पाणी देते, पान वाढते. नवीन गेलेला असन तर त्याचं नाव त्याच्यात मिळवते, मग तो पितराईसोबत बसला असं समजायचं. धनंजयचं नाव तेरा वर्षं बाहेरच आहे. तुहे मावसाजी दरसाल म्हणते, मिळवून टाकू. मी म्हणते, जो पोचलाच नाही त्याले पोचलेल्याईच्या पंगतीत कसं बसवू? त्यावरून आमचं दरसाल भांडण होते.

तर मले एवढंच सांग. तुह्या त्या खेळात धनंजय बेवारस झाला असता ना? मग त्याले कोणीही मारन का? अन् त्याचे किती पॉइंट भेटते?

तुही,
मावशी

◆

पुणे, २५ जानेवारी २०१९

मावशी,

तुहं पत्र ऑफिसातच वाचलं अन् उठून बाथरूममध्ये जाऊन बसली. मले माफ कर म्हणणंही मले जमत नाही. मी मजेत लिहून टाकलं होतं. मारायचं, पॉइंट, बेवारस. शब्द पण माहेच.

त्याच दिवशी साहेबाईकडं गेली अन् ते सगळं काढून टाका म्हणाली. खरं कारण सांगितलं नाही. ते म्हणाले, 'काल तूच उड्या मारत होतीस, आज काय झालं? भुतं नसली तर लढायचं कोणाशी?' मी म्हटलं, राक्षस आहेत ना पाण्यात. ते म्हणाले, भूत सगळ्याईले आवडलं आहे, चित्रं पण काढून झाली. शेवटी मार्चपर्यंत याहून चांगलं काही आणलं तर बदलू म्हणाले, नाहीतर तेच ठेवू.

म्हणजे आता मले चांगलं काही सुचा लागते. मले सुचत नाही, मावशी. रोज संध्याकाळी वही घेऊन बसते अन् उठते. ज्याचा ठसा उमटला नाही तो कुठं जाते? तू तेरा वर्षं यावरच विचार करून राहिली, तर तूच सांग. खेळासाठी नको सांगू, मले सांग.

एक अजून. तू एकटीनं टोपली उचलली का? मावसाजी नव्हते?

तुही,
रुचिका

◆

नाकाडोंगरी, ९ फेब्रुवारी २०१९

चि. रुचिकाले आशीर्वाद.

बाथरूममध्ये कायले बसली, बाई? लोक म्हणतील पोट बिघडलं. रडायचं तर गच्चीवर जाऊन रडावं, हवा तरी लागते. मी तुह्यावर रागावली असती तर पत्रच लिहिलं नसतं, शोभाले फोन केला असता अन् अख्ख्या गावानं ऐकला असता.

तू विचारलं, तो कुठं जाते. मले माहीत असतं तर तेरा वर्षं मी अशी बसली असती का? कधी वाटते दारापाशी आहे. कधी वाटते त्या क्वार्टरातच राहिला, तिथं आता दुसरे लोक राहायले आले, ते त्याले ओळखत नाही. आम्ही रिटायर होऊन गावी आलो तेव्हा सामान ट्रकमध्ये भरलं, अन् मी मागं वळून म्हटलं, 'चाल बापू.' ड्रायव्हरले वाटलं मी त्याले म्हटलं.

तुहे मावसाजी त्या सकाळी घरी नव्हते. भाऊकीतल्या भैयाजीकडं निजाले गेले होते, आमच्या घरी बायाच बाया होत्या म्हणून. आले तेव्हा मी टोपली हातात घेऊन बसली होती. त्याईनं पिठाकडं पाहिलं. तेव्हापासून ते त्या पिठावर बोलत नाही.

मले एक विचारायचं आहे. तू राजे सांगितले, सैनिक सांगितले, राक्षस सांगितले. एवढे लोक मरते तुह्या खेळात. त्याईच्या माया कुठं आहे? एकाचीही माय दिसली नाही मले. मेलेल्याच्या घरी पीठ पसरते म्हणाली, तर पसरते कोण? का ते आपोआप पसरते?

तुही पत्रं मी तांदळाच्या डब्याखाली ठेवते. परवा मावसाजीनं डबा हलवला अन् पत्रं वाचली. चष्मा लावून दोनदा वाचली. तेव्हापासून घरात बसत नाही. सकाळी तलावाच्या पाळीवर जाते अन् जेवाच्या वेळेले येते. तुह्यावर रागावले वाटते, का हे काय खेळ लावला पोट्टीनं म्हणून. मनावर घेऊ नको, त्याईचा राग आठ दिवसाचा असते.

तुही,
मावशी

◆

तुमसर, १४ फेब्रुवारी २०१९

चि. रुचिका,

यादोराव मावसाजीचा आशीर्वाद. पेन्शनच्या कामाचं निमित्त करून तुमसरले आलो अन् पोस्टात बसून हे लिहून राहिलो. तुह्या मावशीले माहीत नाही, माहीत होऊ देऊ नको.

मी तुह्यावर रागावलो नाही. तू लिहिलं ते पोरबुद्धीनं लिहिलं. मी जे केलं ते शहाणपणात केलं, ते तुले सांगतो.

मी खाणीत तीस वर्षं ब्लास्टर होतो. बारूद भरायचा, सगळ्याईले मागं घ्यायचं अन् उडवायचा. धनंजयच्या दहाव्याले खाणीले सुट्टी होती हे खरं. पण एका जागेचं काम अर्धं राहिलं होतं, ते सुट्टीत पुरं करणार होते अन् माणूस कमी होता. मले कोणी बोलावलं नाही. सुतकातल्या माणसाले कोण बोलावते? मीच गेलो. घरात ते पीठ पसरलेलं होतं. सकाळी टोपली उचलतील अन् काहीतरी दिसन. काय दिसन ते पाहाची माही छाती नव्हती. मावशीले म्हटलं भैयाजीकडं निजाले जातो, अन् खाणीत उतरलो.

तिथं तो बारूद मी उडवला. ह्या हातानं. वर आलो तेव्हा कॉलनीतले कुत्रे भुंकत होते, म्हणजे वर हादरा चांगला बसला होता. तरी माह्या डोक्यात पिठाचं आलं नाही. इतकी वर्षं रोज तो आवाज, मले तो आवाज वाटतच नव्हता. घरात निजल्या होत्या त्या बायाईलेही वाटला नसन.

सकाळी घरी आलो अन् पीठ पाहिलं तेव्हा समजलं. ताटात रेती ठेवून ताट खालून ठोकलं का रेती सपाट होते, तसं. तिच्या हाताच्या रेघाही पुसून गेल्या होत्या. माह्या लेकराचा ठसा होता का नव्हता, देव जाणे. असन तर तो मीच पुसला.

तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आज नको, तिची हालत पाह्य. मग उद्या नको. मग वर्ष झालं. मग सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? ती म्हणन, पोराच्या दहाव्याले मले टाकून तू कामावर गेला. अन् म्हणन, ठसा कायचा होता? ते मी कुठून सांगू?

आता माही छाती भरते, दम लागते. पुढच्या अक्तीले मी असन का नसन. त्याच्या आधी पोराले आपल्या लोकाईत बसवून द्यावं एवढीच इच्छा आहे. मावशी तुहं ऐकते. तू तिले लिही का पुण्यातल्या एका जुन्या पोथीत असं लिहिलेलं सापडलं, ठसा नाही उमटला तरी जीव पोचते. पोथीचं नाव काहीही टाक. ती पोथीले मानते. एवढं माह्यासाठी कर. उत्तर तुमसरच्या पोस्टाच्या पत्त्यावर टाक, मी येऊन घेईन.

तुहा मावसा,
यादोराव

◆

पुणे, २२ फेब्रुवारी २०१९

ती. मावसाजीले नमस्कार.

हे पत्र तुमसरच्या पोस्टाच्या पत्त्यावर टाकून राहिली, तुम्ही म्हणाले तसं.

तुमचं पत्र आलं तेव्हापासून मी दोन पोथ्या बनवल्या अन् दोन्ही फाडल्या. मले खोटं लिहिता येते, मावसाजी, त्याचाच मले पगार भेटते. पण मावशीले खोटी पोथी पाठवणं माह्यानं होणार नाही. ती विचारन, पान कितवं? मग मी दुसरं खोटं लिहीन. तुमच्यासारखंच होईन माहं.

तुम्ही एक गोष्ट पाहिली नाही. मावशीनं मले पहिल्याच पत्रात लिहिलं का तिच्या हाताच्या रेघाही गेल्या होत्या. तेरा वर्षं तिले ते समजत नाही. आत्मा आला नाही हे ठीक, पण तिच्या स्वतःच्या हाताचं काय झालं? अर्धी गोष्ट तिच्यापाशी आहे, अर्धी तुमच्यापाशी, अन् दोघं एका घरात जेवून राहिले.

ती रागावन. कामावर गेले म्हणून नाही रागावणार, एवढे दिवस लपवलं म्हणून रागावन. त्याच्यातून तुमची सुटका नाही. पण ठसा नव्हता, असं ती आज समजते, अन् ठसा होता का नव्हता कोणालेच माहीत नाही, हे खरं आहे. ह्या दोन्हीत लय फरक आहे. मी तिच्या जागी असती तर मले तो फरक पाहिजे होता.

मी तिले काही सांगणार नाही, हा शब्द देते. सांगायचं तुम्हीच. माह्या लहानपणी तुम्ही मले विहिरीच्या काठावर धरून वाकवलं होतं अन् म्हणाले होते, 'भेव वाटते तर डोळे उघडे ठेवून पाह्य.' मी तेच परत म्हणून राहिली. लहान तोंडी मोठा घास झाला असन तर माफ करा.

औषध वेळेवर घेत जा.

तुमची,
रुचिका

◆

पुणे, ३० मार्च २०१९

मावशी,

दीड महिना झाला, तुहं पत्र नाही. मावसाजीचा फोन लागते पण ते 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणून ठेवून देते. आई म्हणाली का होळीनंतर तुह्या घरी बोलणंचालणं बंद आहे. काय झालं ते मी विचारत नाही. तब्येत बरी आहे एवढं तरी कळव.

माहं सांगते. तू विचारलं होतं, मेलेल्याईच्या माया कुठं आहे. मी साहेबाईले तोच प्रश्न विचारला. मीटिंगमध्ये आठ जण होते. आमच्या चित्रं काढणाऱ्या मंजुषानं तिथंच कागदावर एक बाई काढली, डोक्यावर पदर, पुढं पीठ.

आता खेळात माय आहे. ज्याचा ठसा उमटला नाही त्याले मारायचं नाही, मारताच येत नाही, तलवार हवेतून निघून जाते. खेळणाऱ्यानं तलवार ठेवून त्याच्या गावी जायचं, त्याच्या मायपुढं बसायचं, अन् तिले बोलू द्यायचं. ती पोराबद्दल सांगते, काय खाये, कशाले भ्याये. घाई करून बटन दाबलं तर ती पहिल्यापासून सुरू करते. सगळं ऐकून झालं का ती त्याचं नाव घेते, अन् मग तळं त्याले वाट देते.

साहेब म्हणाले, 'एवढं कोण ऐकून घेणार? लोक खेळ बंद करतील.' खूप भांडण झालं. शेवटी नऊ तळ्याईपैकी एका तळ्याले हे ठेवू दिलं, बाकी आठात भुतंच आहेत. नोकरी पक्की झाली नाही, सहा महिने पुढं ढकलली. मले एवढं वाईट वाटलं नाही.

त्या मायच्या तोंडी मी एक वाक्य टाकलं आहे, 'जरासंच दुखून राहिलं म्हणे.' तुले विचारल्याशिवाय टाकलं. नको असन तर सांग, काढून टाकते.

तुही,
रुचिका

◆

नाकाडोंगरी, १० मे २०१९

चि. रुचिकाले मावशीचा आशीर्वाद.

उशीर झाला. हात मोकळा नव्हता अन् मनही नव्हतं. ते वाक्य राहू दे. त्याचंच आहे.

आता ऐक. धुळवडीच्या दिवशी आमच्या घरी रंग नसते, धनंजय गेला तेव्हापासून. मी मोहफुलं वाळू घालून राहिली होती. तुहे मावसाजी आले अन् माह्यापुढं खाली बसले. म्हणाले, 'धनूची माय.' तेरा वर्षात त्याईनं मले तशी हाक मारली नव्हती, नुसतं 'ऐकतं का' म्हणे. मी म्हटलं आता काय झालं, कोण गेलं? मग त्याईनं सगळं सांगितलं. भैयाजीकडं नव्हते, खाणीत होते, बारूद त्याईनंच उडवला.

तुले सगळं आधीच माहीत होतं, हेही सांगितलं. तू त्याईले पोथी लिहून दिली नाही, हेही. ते तू बरं केलं. पोथी लिहिली असती तर मी तुह्या घराची पायरी चढली नसती.

मले बारूदाचा राग आला नाही, बाई. पीठ पुसलं त्याचाही नाही. मी म्हटलं, मले गोळी खाऊन पडू दिलं अन् तुम्ही निघून गेले? मी एकटीनं ती टोपली उचलली. तुमची पाहाची छाती नव्हती, तर माही होती का? तेरा वर्षं मी तुमच्यापुढं रडली, लेकरू कुठं भटकून राहिलं म्हणून, अन् तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजत होते. माणूस आहे का गोटा? असं मी लय बोलली. जेवण वाढे पण बोले नाही. महिनाभर. शकुनबाई शेजारीण दोनदा समजवाले आली, तिलेही हाकलली.

अन् मले भरवसाही नव्हता. म्हटलं, बुढ्यानं मले समजवाले आता ही गोष्ट बनवली असन. तर एक दिवस मी अंगणात पीठ पसरलं. तांदळाचंच. हातानं सपाट केलं, रेघा ठेवल्या, टोपली घातली. मुसळ आणून त्याईच्या हातात दिलं अन् म्हटलं, ठोका जमीन. दम लागते तरी ठोकली बिचाऱ्यानं, हात-दीड हातावरून, दहा-पंधरा वेळा. मग मी टोपली उचलली.

सपाट होतं. माही एक रेघ नव्हती.

मी तिथंच बसली. ते मुसळ टेकून उभे, छाती वरखाली होऊन राहिलेली, अन् माह्या तोंडाकडं पाहून राहिलेले, जसं काही मी आता निकाल सांगणार. मग मी म्हटलं, तुमचा बारूद पीठ हलवते, जीव नाही हलवत. आला असन तो. माह्या दारात आला असन अन् चालला गेला असन, आपल्याले दिसलं नाही एवढंच. ते म्हणाले, 'असं म्हणतं?' मी म्हटलं, हो, असंच म्हणते. मग ते रडले. मी त्याईले पहिल्यांदा रडताना पाहिलं, पोर गेला तेव्हाही रडले नव्हते. मी पाणी आणून दिलं अन् मुसळ आत नेऊन ठेवलं.

ह्या मंगळवारी अक्ती झाली. नव्या घागरी आणल्या, आंबे आणले, वडे, पुऱ्या, चिंचेचं सार, कढी, सगळं केलं. तुही माय शोभा आली होती, तिनं सांगितलंच असन. भैयाजीनं एक एक नाव घेतलं, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, पार वरपर्यंत. मग थांबले अन् माह्याकडं पाहिलं. दरसाली ते इथंच थांबते अन् मी नाही म्हणून मान हलवते. औंदा मीच नाव घेतलं. धनंजय यादोराव. मले वाटलं होतं जीभ अडकन. अडकली नाही, साफ निघालं, अन् शोभा मागं हुंदके देऊन रडाले लागली.

त्याचं पान वेगळं वाढलं होतं, ते बाकी पानाईच्या ओळीत सरकवलं. निखाऱ्यावर तूप सोडलं. बाकीचे हात जोडून उठले. मावसाजी उठले नाही. ते त्या पत्रावळीजवळ वाकून बसले, कान कमी म्हणून आवाज मोठाच, सगळ्याईले ऐकू गेला. म्हणाले, 'खाय रे बापू, पोटभर खाय. तेरा वर्षं उपाशी ठेवला तुले बापानं.'

मी पुढं होऊन त्याच्या पानावर आणखी दोन वडे वाढले.

तुही,
मावशी